फोनचा पोटमाळा

अनंत चतुर्दशी उलटली की लालबाग, परळ, गिरगाव या भागांतल्या घराघरांत एक तक्रार हटकून ऐकू येते. फोन चालेनासा होतो. कॅमेरा उघडला तर छायाचित्र निघत नाही, व्हॉट्सॲपवर आलेले पत्र उघडत नाही आणि 'स्टोरेज फुल' ही पाटी पडद्यावर पुन्हा पुन्हा झळकते. याचे कारण गूढ नाही. लालबागच्या राजाचे मुखदर्शन, गणेशगल्लीची सजावट, केशवजी नाईक चाळीतला १८९३ पासूनचा उत्सव, गिरगाव चौपाटीवरचे विसर्जन, यांच्या चित्रफिती दहा दिवस अखंड येत असतात. एकच आरती चाळीच्या ग्रुपवर येते, शाळेच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर येते, भजनी मंडळाच्या ग्रुपवर येते आणि सुनेच्या माहेरच्या ग्रुपवर कोणीतरी तीच थोडी कापून, वर स्वतःचे नाव घालून पुन्हा पाठवते. बाप्पा गावाला जातात, चित्रफिती मात्र फोनमध्येच राहतात.

आरोग्याच्या पाक्षिकात फोनच्या जागेची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. शंका रास्त आहे. परंतु ज्येष्ठांच्या औषधपाण्याचा बराचसा कारभार आता या फोनमधूनच चालतो. रक्ततपासणीचा अहवाल पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येतो. परळला केईएम किंवा टाटा मेमोरियलमध्ये पुढच्या तपासणीला जाताना मागचे अहवाल, चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो, गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी हे सारे बहुधा फोनमध्येच असते. मुलगी पुण्यात किंवा परदेशात असेल तर पायावरची सूज, साखर मोजण्याच्या यंत्रावरचा आकडा, टाक्यांभोवतीची लाली यांचे छायाचित्र काढून तिला त्याच क्षणी दाखवावे लागते. त्या क्षणी फोनने 'जागा नाही' म्हणणे ही किरकोळ गैरसोय राहत नाही.

पुढल्या दोन महिन्यांत निवृत्तिवेतनधारकांच्या घरी आणखी एक प्रसंग येणार आहे, तो म्हणजे हयातीचा दाखला. 'जीवन प्रमाण' ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०२१ पासून बँकेत न जाता घरी बसून, फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही हा दाखला देता येतो. केंद्र सरकारच्या निवृत्तांपैकी ज्यांनी ८० वर्षे पूर्ण केली आहेत, त्यांच्यासाठी ही मुदत १ ऑक्टोबरपासूनच उघडते, इतरांसाठी नोव्हेंबर. त्यासाठी फोनवर दोन ॲप उतरवावी लागतात, एक 'जीवन प्रमाण'चे आणि दुसरे आधारच्या चेहरा-ओळखीचे. फोन काठोकाठ भरलेला असेल तर ती उतरतच नाहीत, आणि गुडघे धरलेल्या आजोबांना पुन्हा बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून ही आवराआवर आताच, सवडीने करावी.

हा त्रास केवळ आपल्या घरचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील 'द वॉल स्ट्रीट जर्नल' या वृत्तपत्राने एक बातमी छापली होती. भारतातले एवढे फोन का अडतात, याचा शोध घेताना गूगलच्या संशोधकांच्या हाती काय लागले, तर सूर्योदय, गुलाबाची फुले आणि वाफाळता चहा असलेली 'गुड मॉर्निंग'ची असंख्य चित्रे! त्याच बातमीत वेस्टर्न डिजिटल या कंपनीच्या पाहणीचा आधार देऊन म्हटले होते की भारतात दर तीन फोनधारकांपैकी एकाची जागा रोज संपते. अमेरिकेत हेच प्रमाण दहांत एक. भारतीयांची ही अडचण ओळखून गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये फोन आवरणारे एक ॲपही येथे आणले, जे आज 'फाइल्स' या नावाने बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असते.

त्या बातमीला जग हसले. घरातली तरुण मंडळी आजही हसतात. मला मात्र त्या हसण्यात सामील व्हावेसे वाटत नाही. ठाकुरद्वारच्या जुन्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या बाईंचे सकाळी साडेसहाचे फूल म्हणजे 'मी उठले, बरी आहे' ही हजेरी असते. ते एखाद्या दिवशी आले नाही तर समोरच्या खोलीतली मैत्रीण दार वाजवते. तेव्हा पाठवणे थांबवा असे सांगण्यात अर्थ नाही. एवढेच की पाहून झालेले, उत्तर दिलेले फूल हे कालच्या वर्तमानपत्रासारखे आहे. ते रद्दीत जायला हरकत नसावी. हिशेब करून पाहा. रोज साठ चित्रे, प्रत्येकी साधारण १५० केबीचे, म्हणजे दिवसाला ९ एमबी, महिन्याला २७० एमबी आणि वर्षाला तीन जीबीहून अधिक. आणि यात एकही चित्रफीत धरलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांनी संसार केला, त्यांना जागा कशी पुरवावी हे कोणी शिकवायला नको. पोटमाळ्यावर काय चढवायचे आणि काय बोहारणीला द्यायचे, हे त्यांना पक्के ठाऊक असते. फोनच्या पोटमाळ्याची अडचण एवढीच की तिथे वस्तूचा आकार डोळ्यांना दिसत नाही. सुतळीने बांधलेली पत्रांची जुडी आणि मोडका पंखा यांतले काय जड हे हाताला कळते. फोनमध्ये सगळेच चौकोन सारखे दिसतात. त्यामुळे आवरायला बसलेला माणूस वेळ आणि भीती दोन्ही चुकीच्या जागी खर्च करतो.

वस्तुस्थिती अशी आहे. लिहिलेला मजकूर जवळजवळ काहीच जागा घेत नाही; वर्षानुवर्षांच्या गप्पा राहिल्या तरी बिघडत नाही. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला एक मिनिटाचा आवाज बहुधा अर्ध्या एमबीच्याही आत मावतो. तपासणीच्या अहवालाची पीडीएफही सहसा लहानच असते. जड असतात त्या चित्रफिती. पाच-सात मिनिटांची एकेक पुढे ढकललेली चित्रफीत शेकडो आवाजांइतकी जागा खाते. म्हणजे जे आपले, जपण्याजोगे, ते आकाराने लहान आहे. आणि जे अवाढव्य आहे ते बहुतांशी कोणीतरी तिसऱ्यानेच केलेले, चौथ्याने पाठवलेले. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की आवरण्याचा क्रम आपोआप ठरतो.

सध्या पितृपंधरवडा आहे, म्हणून हे थोडे विस्ताराने सांगतो. अनेक घरांत गेलेल्या माणसाचा आवाज फक्त एका फोनमध्ये उरलेला असतो. 'अगं, मी दादर स्टेशनला पोचलो, भाजी काय आणू?' एवढेच सात सेकंदांचे बोलणे असते. ज्या फोनवर ते आहे तो फोन कोणीतरी उत्साहाने 'साफ' करतो आणि ते जाते. व्हॉट्सॲपमधून पुसलेल्या गोष्टींसाठी नंतर उचकून पाहता येईल अशी टोपली तिथे नसते. तेव्हा पुसण्याआधी जपण्याचे काम करावे. असा प्रत्येक आवाज बोटाने दाबून धरून वरचे तारेचे चिन्ह दाबावे, आणि नंतर तो घरातल्या आणखी एखाद्या माणसाला पाठवून ठेवावा, म्हणजे तो दोन फोनांत राहील. अहवालांचेही तसेच. कित्येक प्रयोगशाळा अहवालाऐवजी दुवा पाठवतात आणि काही दिवसांनी तो उघडत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेली जुनी पीडीएफ एकदा पुसली की ती पुन्हा उतरेलच असे नाही. पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागावी लागते. म्हणून महत्त्वाचे अहवाल स्वतःच्याच ईमेलवर पाठवावेत, पेनड्राइव्हवर उतरवावेत, आणि गेल्या वर्षभराचे तरी छापून फाइलीत लावावेत. फोनला थेट लागणारे पेनड्राइव्ह आता सर्रास मिळतात; घेताना आपल्या फोनचे चार्जिंगचे भोक कोणत्या प्रकारचे आहे ते दुकानदाराला दाखवावे.

एवढे झाले की मग हात घालावा तो व्हॉट्सॲपला. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' आहे. (फोन मराठीत लावलेला असेल तर हीच नावे मराठीत दिसतील; क्रम तोच.) येथे वरच्या बाजूला दोन कप्पे दिसतात, एक ५ एमबीहून मोठ्या गोष्टींचा आणि दुसरा अनेकदा पुढे ढकललेल्या गोष्टींचा. बहुतेक घरांत या दोन कप्प्यांतच निम्म्याहून अधिक काम संपते असा माझा अनुभव आहे. खाली प्रत्येक ग्रुपने किती जागा घेतली आहे तेही दिसते. तिथे पहिल्या क्रमांकावर कोणता ग्रुप आहे हे पाहून काही जणांना मौज वाटेल, काहींना राग येईल.

एखाद्या ग्रुपमधले सगळेच काढायचे असेल तर 'क्लिअर चॅट' करताना खाली लहान चौकोन येतात. तारा लावलेले संदेशही पुसायचे का, असे त्यांपैकी एकात विचारलेले असते. तो चौकोन रिकामाच ठेवावा. मघाशी तारा लावण्याचा खटाटोप सांगितला तो याचसाठी.

पुन्हा भरू नये म्हणून त्याच 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये 'मीडिया ऑटो-डाउनलोड' हे सदर आहे. तिथल्या खुणा काढल्या की चित्रे आणि चित्रफिती आपण बोट लावल्याशिवाय फोनमध्ये उतरत नाहीत, धूसर दिसतात. बोलून पाठवलेले आवाज मात्र तरीही आपोआप येतात, ही त्यातली चांगली बाजू. काही मंडळी याऐवजी 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करतात आणि जागा वाचली असे समजतात. त्याने नवी चित्रे फक्त गॅलरीत दिसेनाशी होतात, जागा जातेच. शुभेच्छांच्या ग्रुपवर संदेश सात दिवसांनी आपोआप नाहीसे होण्याची सोयही लावता येते, पण जिथे औषधांच्या आणि अहवालांच्या गोष्टी चालतात त्या घरच्या ग्रुपवर ती लावू नये.

यानंतर एका जागी थांबून सावध व्हावे. फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या पानावर दोन बटणे शेजारी शेजारी असतात: 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' (काही फोनांत 'क्लिअर स्टोरेज'). दिसायला जुळी, कामाला अगदी वेगळी. कॅशे म्हणजे ॲपने स्वतःच्या सोयीसाठी जवळ ठेवलेले तात्पुरते सामान. ओट्यावरचे पसरलेले पीठ पुसावे तसे ते पुसता येते, लागले तर ॲप पुन्हा जमवते. डेटा म्हणजे त्या ॲपचा संसार. व्हॉट्सॲपचा डेटा पुसला आणि आधी बॅकअप घेतलेला नसेल तर सारी संभाषणे गमवावी लागतात. बँकेच्या किंवा पैसे पाठवण्याच्या ॲपचा डेटा पुसला तर खात्यातले पैसे कुठे जात नाहीत, पण पुन्हा सिम पडताळा, पुन्हा पिन, पुन्हा नोंदणी. आणि ज्येष्ठांच्या बाबतीत कधी कधी शाखेची एक फेरी. यूट्यूब, ब्राउझर, फेसबुक यांची कॅशे खुशाल पुसावी. 'क्लिअर डेटा'ला मात्र या आवराआवरीत हातच लावू नये.

छायाचित्रांचे शास्त्र थोडे निराळे आहे. 'गूगल फोटोज' वापरत असाल आणि चित्रांची प्रत गूगलकडे जात असेल, तर ॲपमधून एखादे चित्र पुसले की ते फोनमधूनही जाते आणि गूगलकडूनही. फोनमधली जागा तेवढी मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमधला 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरावा. तो सुरक्षित पोचलेल्या चित्रांच्याच फोनमधल्या प्रती काढतो. पुसलेली, प्रत असलेली चित्रे टोपलीत ६० दिवस राहतात. टोपली रिकामी करीपर्यंत जागाही पूर्ण मोकळी होत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि 'एवढे पुसले तरी फोन भरलेलाच' असे ते म्हणतात. आयफोनमध्येही 'रिसेंटली डिलिटेड' नावाची अशीच टोपली आहे. गूगलकडची जागाही अमर्याद नाही. १ जून २०२१ पासून छायाचित्रे १५ जीबीच्या फुकट वाट्यात मोजली जातात आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच वाट्यात धरला जातो. म्हणून आधी व्हॉट्सॲप आवरावे, मग बॅकअप घ्यावा. उलट क्रमाने केल्यास वर्षभराची फुलेही आपण जपून ठेवतो.

हे सारे कोणी करावे? बहुतेक घरांत नातू करतो. "आजी, हे उडवू का?" तो विचारतो. "उडव रे बाबा, मला काय कळतंय त्यातलं," आजी म्हणते. येथे काळजीवाहकांना माझी आग्रहाची विनंती आहे की या उत्तराला संमती समजू नये. आपल्याला कळत नाही म्हणून आपण अडथळा होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ असतो. फोन तिच्या हातात ठेवून, शेजारी बसून, चित्रफीत दोन सेकंद चालवून 'ही कोणी पाठवली होती?' असे विचारावे. ती नक्की सांगते. नुसत्या दिसण्यावरून निरर्थक वाटणाऱ्या चित्रामागे कधी गेलेली मैत्रीण असते. ज्यांचे स्मरण मंदावत आहे अशांच्या फोनमधली जुनी छायाचित्रे तर त्यांच्याशी बोलण्याचे साधन असतात. मुलाला ओळखायला वेळ लागणारे आजोबा चाळीच्या गच्चीचा फोटो पाहून शेजाऱ्यांची नावे सांगू लागतात. ती चित्रे कितीही पुसट असली तरी काढू नयेत.

एकाच बैठकीत सगळे उरकण्याचा अट्टहासही नको. अर्धा तास पुरे. दिवसाच्या उजेडात, चष्मा लावून, अक्षरे मोठी करून बसावे. बोटांना कंप असेल तर दाबून धरायचे काम दुसऱ्याने करावे आणि निर्णय फोनच्या मालकाने. थकल्यावर 'सिलेक्ट ऑल' दाबण्याचा मोह होतो आणि नुकसान बहुधा तिथेच होते. फोनची निदान दहावा हिस्सा जागा रिकामी झाली की त्या दिवशी थांबावे.

दोन गोष्टींपासून दूर राहावे. पडद्यावर अचानक 'तुमचा फोन भरला आहे, व्हायरस शिरला आहे, येथे दाबा' असे झळकले तर ती जाहिरात असते, दाबू नये. फोन साफ करून देणारी अनोळखी ॲप तर मुळीच घेऊ नयेत. तसेच आवरताना व्हॉट्सॲपमध्ये लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचे चलन म्हणून आलेली, नावाच्या शेवटी 'एपीके' असलेली फाइल आढळली तर ती न उघडता पुसावी. ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरणारे ॲप असते. फोनवरून कोणी 'मी बँकेतून बोलतो, तुमचा फोन मोकळा करून देतो, स्क्रीन दाखवा' म्हणाले तर फोन ठेवावा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे; जितके लवकर, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता अधिक.

आता एवढे करूनही जागा पुरत नसेल, तर फोन खरोखरच लहान पडला आहे. नवा घेताना जुना लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आपल्या डॉ. भडकमकर मार्गावर, बदलीत देणारे पुष्कळ आहेत. देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे, गूगल खाते त्या फोनमधून काढावे आणि 'फॅक्टरी रीसेट' स्वतः, घरी करावे, दुकानाच्या काउंटरवर नव्हे. आणि रीसेटचे बटण दाबण्याआधी नव्या फोनमध्ये व्हॉट्सॲप उघडून तारा लावलेल्या संदेशांची यादी एकदा वरपासून खालपर्यंत पाहावी, त्यातला एखादा आवाज लावून ऐकावा. तो वाजला म्हणजे मग जुना फोन द्यायला हरकत नाही.